अठ्ठावन्न पावलांची दुरुस्ती

या घरची थोरली सून, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, अशी मी डोकं ठिकाणावर असताना, कुणी भरीस न घालता, देवाला स्मरून हे स्वतःच्या अक्षरात लिहिते. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे.

कलम १. घर मुलाला, पण राहायला नाही. मी गेल्यावर महिन्याभरात कौलं, दारं, खिडक्या उतरवून माळावरच्या माझ्या जागेत घर उभारावं. समुद्राकडच्या खोलीतला नातीचा पाळणा मात्र मी जाईन त्याच दिवशी हलवावा.

कारण असं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला एक काम नेमून दिलं. दरवर्षी पावसाळ्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेची भरती ओसरली, की मागच्या दारापासून पाण्याने सोडलेल्या ओल्या रेषेपर्यंत पावलं मोजायची आणि वहीत लिहायची. "समुद्र शेजारी आहे गं, त्याच्यावर डोळा ठेवावाच लागतो," म्हणाल्या. पहिल्या वर्षी दोनशे बारा भरली. मग भावोजींनी दारामागची वाळूची टेकडी गाड्या भरभरून विकली. मग वरच्या अंगाला बंदराचा दगडी बांध झाला. वाळू तिकडेच अडू लागली, आमचा किनारा उपाशी. दीडशे. नव्वद. विहीर पाण्यात गेली. पुढे मात्र नऊ वर्षं आकडा अठ्ठावन्नवर थांबला. मी देवापुढे दिवा लावला. मुलाने समुद्राकडे खोली काढली.

दिवेलागणीला त्या बुडालेल्या विहिरीकडून रहाटाची करकर येते. रहाट तर माळ्यावर आहे; मी हात लावून पाहिला, ओला लागला. करकर थांबली की कधीच्या वारलेल्या सासूबाई मोजू लागतात, पाण्याकडून घराकडे. गेल्या साली त्या एकतिसाला दाराशी पोचल्या. मी नामस्मरण केलं आणि वहीत अठ्ठावन्नच लिहिले.

त्याच आठवड्यात दार बसवायला आलेला सुतार रेषेपर्यंत जाऊन आला. "वहिनी, अठ्ठावन्न कुठली? एकतीस भरतात."

"तुमच्या ढांगा उंटाच्या!"

तो हसला नाही. ओल्या वाळूतल्या माझ्या दोन पावलांमध्ये त्याने पट्टी धरली. जेमतेम दोन विती. गुडघे धरल्यापासून माझं पाऊल आखडत गेलं होतं. समुद्र थांबलाच नव्हता.

मुलाला सांगितलं. "आई, तुझ्याच वहीत पाणी थांबलंय ना? आता म्हणतेस घर मोडा!" सून म्हणाली, "आईंचा हिशेब चुकायचा म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवायचा." मेलेल्याचा शब्द मोडायला तरी लोक कचरतात, म्हणून हा कागद.

कलम २. भिंती पाडून निघेल ती वाळू भावोजींना. त्यांनी विकलेल्या टेकडीचीच आहे. त्यांनी ती किनाऱ्यावर ओतावी, स्वतः घमेलं उचलून.

कलम ३. बांगड्या आणि देव्हारा सुनेला. तिने मनाला लावून घेऊ नये; तिचं बोलणं ऐकून मलाही क्षणभर बरं वाटलं होतं.

कलम ४. रहाट पाण्यात सोडावा. सासूबाई मागतात.

कलम ५. वही मुलाला. त्याने स्वतःच्या पावलांनी मोजावं, माझ्या अठ्ठावन्नवर काट मारावी आणि आपला आकडा लिहावा.

ताजा कलम. सुतार सही करण्याआधी पुन्हा मोजायला गेला. तो जाताना मोजत होता, सासूबाई येताना. दोघांचे सव्वीस आले. त्याचे सव्वीस सुनेनेही ऐकले. ती आत गेली. आता पाळण्याच्या कड्या काढल्याचा आवाज येतो आहे.

ठिकाण: मागचं दार
दिनांक: पौर्णिमेचा दुसरा दिवस
सही: थोरली सून
साक्षीदार: १. सुतार २. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई