‘पल्याड’ गाजला तेव्हा मी गप्प होते

१७ नोव्हेंबर
कंपनीला सुट्टी. सकाळीच स्कूटी काढली, पूल ओलांडून दौंडला, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या प्रमोदकडे. त्याच्या वरच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्यात, खिडकीत गोधडी. हाच आमचा स्टुडिओ. रेल्वेलाइन जवळ. मालगाडी आली की खोलीच हलते. प्रमोदला आधीच कळतं. तो हात वर करतो, मी ओळ अर्धी सोडून गप्प. गाडी गेली की पुन्हा.
तिसरं गाणं झालं. शब्द माझे, चाल दोघांची, कीबोर्ड त्याचा. अल्बमचं नावही ठरलं. ‘पल्याड’. वडगाव रासाईत वाढलेलीला दुसरं काय सुचणार. नदीच्या ह्या अंगाला आम्ही, त्या अंगाला रेल्वे, बाजार, सगळं जग.

२४ नोव्हें.
दादांना तिन्ही गाणी ऐकवली. वडील म्हणून नाही, गायनपार्टीचे म्होरके म्हणून. लहानपणी त्यांच्याच मागं उभं राहून कोरस धरायला शिकले. इअरफोन लावून डोळे मिटून बसले. शेवटी,
“गाणी न्हवं गं ही. रिंगटोन हायेत.”
आई चुलीपासनं म्हणाली, “ऐकली तर खरी शेवटपातूर.”
राग नाही आला. थोडा आला.

१५ डिसें.
मुख्य गाणं. ‘अल्याड माझी हाक राहिली, पल्याड गेला कान’. दुसरी ओळ वर चढते. प्रमोद म्हणे अजून एक पट्टी वर घेऊ.
“घसा ओढतोय.”
“ओढू दे की. तिथंच तर काटा येतोय अंगावर.”
खरंच येत होता. म्हणून घेत राहिले. परत, परत, परत. घरी येताना पुलावर गार वारा, गळ्यात वाळू सांडल्यासारखं. मिठाच्या गुळण्या.

९ जानेवारी
रांजणगावला सेकंड शिफ्ट. आमच्या लाइनवर मशीनचा आवाज इतका की शेजारच्याला सांगायचं तरी ओरडायला लागतं. क्वालिटीचं काम म्हणजे दिवसभर ओरडणं. “ये पीस रिजेक्ट! रिजेक्ट!” बसमध्ये आवाज बसलेला. मैत्रीण म्हणाली, बायकी नाही राहिला तुझा आवाज. दोघी हसलो.

२ फेब्रुवारी
सगळी गाणी संपली. शेवटचं एका दमात झालं, एकही गाडी मध्ये आली नाही. प्र.नं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग त्याची आई चहा घेऊन वर आली. “झालं का रं? गाद्या काढू का आता, पाव्हणं येणारेत.”

२१ फेब्रु.
मुंबईच्या एका छोट्या म्युझिक कंपनीनं अल्बम घेतला. आज सगळीकडे आला. मी शिफ्टला. फोन लॉकरमध्ये. बाहेर आले तर प्रमोदचा मेसेज, ‘आलं’. एवढंच. बसमध्ये सगळ्यांनी एकदम लावलं, प्रत्येकाचं वेगळ्या ठिकाणी. काहीच कळेना. छान वाटलं.

११ मार्च
ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर वाजलं! मांडवगण फराट्याच्या चौकात उभी होते. दोन ट्रेलर, मागं लाल फडकं, पुढं स्पीकर, आणि माझा आवाज. ड्रायव्हरला हात केला. त्यानं हॉर्न वाजवला, त्याला वाटलं लिफ्ट पाहिजे.

२३ मार्च
प्र.चा फोन. ओरडतच होता. ॲपवर मराठी गाण्यांची जी यादी असते तिच्यात ‘पल्याड’ वर. सगळ्यात वर. अल्बमांच्या यादीतही आपणच. मी म्हणाले, चुकून असेल. “चुकून कसं असंल! सकाळपासनं वरच हाय म्हणतोय मी!” फोन ठेवला आणि आईला सांगायला गेले तर आवाजच फुटेना. आनंदानं वाटलं. संध्याकाळपर्यंत फुटला नाही.

३ एप्रिल
शिरूर. कान-नाक-घशाचे डॉक्टर. नळी घालून पडद्यावर दाखवलं. माझा आवाज जिथून येतो ती जागा मी पहिल्यांदा बघितली. ओलसर, गुलाबी, दोन पट्ट्या. दोन्हींवर बारीक गाठ.
‘गाठ’ शब्दानं आईचं तोंड उतरलं. डॉक्टर म्हणाले, “तसलं काही नाही हो मावशी. खुरपून हाताला घट्टे पडतात ना, तसं समजा.”
बोलायचं नाही. गायचं तर नाहीच. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण येतो म्हणे. दोनेक महिने तरी. मग बघू. बसल्या नाहीत गाठी तर ऑपरेशन. आवाज आधीचाच राहील का, विचारलं. फोनवर टाइप करून. डॉक्टरांनी पेन बंद केलं. “आवाज राहील. आधीचाच, असं मी लिहून देणार नाही.”
येताना रिक्षात ‘पल्याड’ लागलेलं. आईनं रिक्षावाल्याला सांगितलं, बंद कर जरा.

७ एप्रिल
कंपनीत टाइप करून काम चालवते. चहाच्या सुट्टीत आमच्या बिहारी ऑपरेटरनं, राकेशनं, गाणं लावलं. त्याला शब्द कळत नाहीत, तरी रोज लावतो. मैत्रीण म्हणाली, “ये गाना इसी का है.”
राकेश माझ्याकडे बघून हसला. “फिर बोलती क्यों नहीं?”
मी गळ्याकडे बोट दाखवलं. त्याला खोटंच वाटलं.

१० एप्रिल
गप्प बसलेल्या माणसाला लोक सगळं सांगतात. आई तर सुरूच झालीये. आज कांद्याची पात निवडता निवडता म्हणाली, लग्नाआधी ती पण गायची. कांद्याच्या लागणीला बायका तिलाच पुढं घ्यायच्या. मग? भुवया उडवून विचारलं.
“मग काय. तुझ्या दादांची पार्टी व्हती. घरात एक गाणारा बास हाय की.”
मला विचारायचं होतं खूप. टाइप केलं असतं तर तिला चष्मा आणायला उठावं लागलं असतं. तिच्या हातातली पात घेतली, निवडत बसले.

१४ एप्रिल
जयंती. दरवर्षी दादांची पार्टी आणि मी पुढं. ह्या वर्षी तर आजूबाजूच्या गावची पोरं माझं नाव ऐकून आलेली. दादा सकाळी म्हणाले, “तू फकस्त पेटीवर बस. ये म्हंजी झालं.”
बसले. दादांनी भीमगीतं म्हटली, नेहमीची, छाती भरून. मग मागनं ओरड सुरू. पल्याड! पल्याड! दादा माइकवर म्हणाले, “पोरीचा आवाज आजारी हाय. मी हाय की.” आणि पेटीकडे न बघताच सुरू केलं. अल्याड माझी हाक राहिली…
मला पट्टीच सापडेना एक क्षण. त्यांना सगळे शब्द येत होते. दुसरं कडवं पण. वरची ओळ त्यांनी वर नेलीच नाही, खालीच फिरवली, आणि बायका रडल्या.
घरी आल्यावर मी बघत राहिले त्यांच्याकडे. “काय बघती? पाठ व्हतंय की ऐकून ऐकून,” म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

२६ एप्रिल
प्र. आला. पुण्याला मोठा कार्यक्रम, मेच्या शेवटी. मुंबईच्या कंपनीचे सर मागं लागलेत. रेकॉर्डिंग लावायचं, मी नुसते ओठ हलवायचे.
“सगळेच करत्यात गं. कुणाला कळतंय?”
टाइप केलं, ‘मी नाही.’
त्यानं अंगणात जाऊन चपला घातल्या. मग: “अल्बम तुझ्या एकटीचा हाय का? मी किती वर्षं लग्नात वाजवतोय. आज कुठं कुणी नाव घेतंय माझं.” आवाज चढला नव्हता. म्हणूनच लागलं.
त्याचंही खरं आहे. गेला, पाणीसुद्धा न घेता.

२९ एप्रिल
तीन दिवस डोक्यात एकच. ओठ हलवायचे आणि आवाज माझाच येणार, पण ज्या गळ्यातनं तो आला तो आता माझ्याकडे नाही. ते मला जमणार नाही. पण प्र.ला घरी बसवायचं हेही बरोबर नाही.
गौरीला मेसेज केला. वरवंडची. प्र.च्याच ऑर्केस्ट्रात गाते, दोनतीनदा भेटलीये, आवाज उंच आणि मोकळा. ‘पुण्याला पल्याड तू गाशील का?’
लगेच फोन आला. उचलला, बोलता येईना. पलीकडनं, “ताई? ताई, तुम्ही हाय ना? मी गाते. पर तुम्ही समोर बसून शिकवायचं.” कसं शिकवणार, हा विचार तिच्या डोक्यातच नाही.

११ मे
दौंड. गाद्या परत भिंतींवर. गौरी गाते, मी हातानं दाखवते. इथं थांब. इथं श्वास नको. प्र. सुरुवातीला माझ्याकडे बघत नव्हता. मग गौरीनं एक जागा फार सुंदर घेतली आणि आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. मिटलं.
वरची ओळ तिला सहज जाते. काही ओढत नाही. बरं वाटलं. पण ती ओळ परत म्हणायला मी सांगितलं नाही.

३१ मे
पुणे. मी विंगेत. हॉल भरलेला. प्र.नं आधी सांगितलं, गाणं कुणाचं, मी का गात नाही, सगळं. टाळ्या पडल्या. मग गौरी आली.
लोक तिच्याबरोबर म्हणत होते. हजार तोंडांतनं आपली ओळ येते तेव्हा काय वाटतं ते लिहायला बसले, पण…
बाहेर पडताना दोन मुली गौरीबरोबर सेल्फी काढायला धावल्या. “पल्याडवाली ना तुम्ही?” गौरी म्हणाली, “मी न्हाई, ह्या ताई.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्या, आणि फोटो तिच्याचबरोबर काढला. मीच फोन धरला त्यांचा.
गाडीत वरवंड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. जळले मी. लिहून ठेवते.

१२ जून
शिरूर. परत नळी. एका बाजूची गाठ गेली. दुसरी बारीक झालीये. ऑपरेशन नको सध्या. हळूहळू बोला, गुणगुणा, ओरडू नका. कंपनीला चिठ्ठी दिली, लाइनवरनं ऑफिसात बदली होईल बहुतेक.
दवाखान्याच्या पायरीवर पहिला शब्द. “आई.”
आई दचकली. आवाज भलताच निघाला, जाड, खालचा. “कोण गं ही?” म्हणाली आणि हसली, आणि माझा हात सोडला नाही स्टँडपर्यंत.

२९ जून
यादीत आता ‘पल्याड’ वर नाही. दुसरं कुठलं तरी गाणं आलंय, ट्रॅक्टरवर तेच. चांगलं आहे. मुंबईचे सर पुढचा अल्बम मागतायत. प्र.नं चार चाली पाठवल्या. सगळ्या वरच्या पट्टीतल्या. त्याचा दोष नाही, त्याच्या कानात जुनीच मी आहे.
सकाळी ओट्यापाशी एक म्हणून बघितली. वरचे सूर नाहीतच. शिडी लावायला गेलं आणि भिंतच नाही, तसं. खाली मात्र काहीतरी आहे. नवीन. मला माहीत नसलेलं.

१३ जुलै
दौंड. गौरीही होती. प्र. कीबोर्डवर बसला, मी शेजारी उभी. ओळखच नव्हती ना कुणाला ह्या आवाजाची, तो शोधायला लागलो.
“इथं?”
“खाली.”
“इथं?”
“अजून.”
तो एकेक पट्टी उतरत गेला. मालगाडी आली, थांबलो, गेली. शेवटी एका ठिकाणी मी गुणगुणले आणि त्यानं हात उचललाच नाही, तोच सूर धरून ठेवला. ह्या पट्टीत बायकांची गाणी कुणी करत नाही, म्हणाला नंतर. नावं ठेवत नव्हे. विचार करत म्हणाला.
गौरी जमिनीवर बसून ऐकत होती. म्हणाली, “मंग ताई, नव्या अल्बममध्ये वरचं कोण गाणार?”
प्र.नं माझ्याकडे पाहिलं. अल्बम कुणाचा, नाव कुणाचं, ती नुसती सोबत की बरोबरीनं, सगळं त्या एका प्रश्नात. तिला ते कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक.
मी म्हणाले, “आधी खालचं तर बसू दे.”