कुलपातली गुलबक्षी

श्रीगोंदा, गुरुवार

तीर्थस्वरूप आक्कास, धाकट्या रंगनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? आणि परवापासून तुझ्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्या बाईंची तब्येत? (पाहुण्या बाई म्हणजे माझीच बायको मुक्ता, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आता आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे.) फोन केला होता, पण तुझा मोबाईल मुक्तानेच उचलला आणि मी तो ठेवून दिला. म्हणून हे पत्र. ती आली नाही तरी माझं काही अडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी कसा माणूस आहे ते तू जाणतेस. घरात तूप गावठी, अंडी गावठी, कोथिंबीर गावठी. हायब्रीड टोमॅटो दिसला तरी माझं पित्त खवळतं. तशीच आपल्या आईच्या हातची गुलबक्षी, पांढरीशुभ्र, गावठी. शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून वाफ्याला जाळी, जाळीच्या दाराला कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला. (शेजारच्या बाबाजान टेलरकडची गुलबक्षी भडक राणी रंगाची. तिचा वारा नको म्हणून मधे भिंतही घातली.) आणि सोमवारी संध्याकाळी चहा घेऊन ओट्यावर बसतो न बसतो तोच, अगं आक्का, हातातली बशीच गळून पडली! मोरीच्या कडेला एक रोप, कुणी लावलं नाही, कुणी विचारलं नाही, आणि त्याला फूल अर्धं पांढरं, अर्धं राणी, वर शिंतोडे! माझ्या अंगणात हायब्रीड!

आमची मंडळी मात्र खूश. "लई देखणं हाय," म्हणत तिने ते सरळ केसांत खोवलं. तिथेच माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, बी तूच शरिफाकडून (बाबाजानची बायको) आणून गुपचूप लावलंस. "न्हाई," म्हणाली. मग काय आभाळातून पडलं, असं म्हणून मी रोप मुळासकट उपटलं. (हे जरा जास्त झालं, असं गल्लीचं मत आहे. माझं अजून ठरलेलं नाही.) तिने ते तेलाच्या डब्यात लावलं आणि सकाळी डबा काखेत मारून एसटी स्टँड गाठलं.

मी तडक बाबाजानला जाब विचारला, तुझा रंग माझ्या हद्दीत आला कसा? तो सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "आवो, रातच्याला पाखरं येत्यात फुलांवर. त्यास्नी बांध कुठं दिसतो?" मी म्हटलं, माझ्या वाफ्यात येऊन दाखवा म्हणावं! कुलूप काढून आत गेलो, कधी वाकून बघत नाही त्या मागच्या कोपऱ्यात वाकलो, आणि बघतो तर काय! तिथे आणखी दोन! तसलीच, शिंतोड्यांची, माझ्याच पांढरीच्या गळलेल्या बियांतून आलेली, ऐटीत फुललेली. कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला. म्हणजे मुक्ता खरं बोलत होती.

असो. मी मजेत आहे, स्वयंपाक झकास जमतो. दाजींना नमस्कार.

तुझा,
रंगनाथ

ता. क. स्वयंपाकाचं खोटं आहे. डबा बाबाजानकडून येतो. शरिफा डबा भिंतीवर ठेवते, पण माझ्याशी बोलत नाही. घर खायला उठलंय.

ता. क. दुसरा. तेलाच्या डब्यातलं रोप जगलंय का, ते मुक्ताला न कळता बघ आणि कळव.

ता. क. तिसरा. आतली दोन्ही रोपं ठेवली आहेत, पाणीही घालतो. ती येईपर्यंत उपटणार नाही, असं तिला सांग. नको, असं नको. आल्यावरही उपटणार नाही, असं सांग. चूक माझीच होती, हेही सांग. आणि तुला सांगायला जड जात असेल तर असं कर, आज तुझा चष्मा सापडत नाही म्हण, आणि हे पत्र तिलाच वाचून दाखवायला लाव.