मी किरोगी

३ फेब्रुवारी, टूवूंबा
आज हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये एक्स-रेवाल्या हान यांना सांगितलं, बायको मैथिली आणि मुलगी निहारिका सिडनीला, केलीव्हिलमध्ये. मी इथे लॅबमध्ये एकटा. म्हणाले, मग तू किरोगी. कोरियन शब्द. अर्थ, रानहंस. हजारो किलोमीटर उडतो, जोडीदार बदलत नाही. कोरियात लग्नात लाकडाचे किरोगी देतात म्हणे. दिवसभर छान वाटलं.
संकल्प : दर पंधरा दिवसांनी घरी.

१५ फेब्रुवारी
गेलो नाही. लॅबमधल्या राघवला त्याच्या मुलीच्या स्पोर्ट्स डेला जायचं होतं, त्याची शिफ्ट घेतली. निहारिका फोनवर म्हणाली, नो वरीज, बाबा. बारा वर्षांची, पण किती समजूतदार!

३ मार्च
मैथिलीने सिडनीच्या एका लॅबमधल्या जागेची लिंक पाठवली. अगदी माझंच काम. मुदत २० तारखेपर्यंत. रविवारी निवांत फॉर्म भरणार.

९ मार्च, रविवार
फॉर्मआधी सीव्ही. सीव्हीआधी टेबल आवरावं म्हटलं. आवरलं. थकलो.

१८ मार्च
हान यांना गमतीत विचारलं, तुम्हीही किरोगी का? हसले नाहीत. म्हणाले, माणसाला म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ वेगळा. बायको-मुलांना शिक्षणासाठी परदेशी पाठवून मागे एकटा राहिलेला बाप. ते नऊ वर्षं सोलमध्ये तसे राहिले. इथे आले तेव्हा मुलगा शेजारच्या खोलीतून मेसेज करायचा.
मी म्हटलं, आमचं तात्पुरतं आहे. किती वर्षं झाली, त्यांनी विचारलं. चार.
लंच ब्रेक संपला होता. बरं झालं.

२१ मार्च
मुदत काल संपली. शेवटच्या दिवशी वेबसाइट स्लो असणारच, म्हणून उघडलीच नाही. मैथिलीला सांगितलं, भरला. उगाच टेन्शन कशाला द्यायचं? दुसरी जागा निघेलच.

११ एप्रिल, शुक्रवार, केलीव्हिल
सरप्राइज! न कळवता पोचलो. मैथिली दारातच थांबली. आनंदाने काही सुचलं नसेल.
जेवताना म्हणाली, माझी मैत्रीण श्यामला त्याच लॅबमध्ये आहे, ती म्हणाली तुझा अर्ज आलाच नाही. भांडली नाही. फक्त विचारलं, तुला यायचंय का आमच्याकडे? मी ऑफ कोर्स म्हणालो. मग का नाही भरलास? मी शिफ्टचं काहीतरी सांगायला लागलो. ती ताटं उचलायला लागली.
निहारिका क्लासहून आली. हाय म्हणाली. मग फार नम्रपणे, हाउ लाँग आर यू स्टेइंग, बाबा?
माझ्याआधी मैथिलीनेच सांगितलं, रविवारपर्यंत.
माझं परतीचं तिकीट मंगळवारचं होतं. आत्ताच बदलून घेतलं.