फळ्यावरचं शून्य

प्रिय ताई,

मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं, आणि नव्या खोलीला खिडकीसुद्धा आहे. बाबांचा गुडघा आता कसा आहे?

आमच्या बंदरात सध्या एकच वेड आहे: धूर शून्यावर आणायचा. फाटकाजवळच्या फळ्यावर साहेब रोज प्रत्येक क्रेनच्या धुराचा आकडा लिहितात. माझी क्रेन डिझेलची, तिचा आकडा काही चाळीसच्या खाली येत नव्हता. शेजारच्या विजेवरच्या क्रेनपुढे मात्र रोज गोल गरगरीत शून्य! ती चालवणाऱ्याला आम्ही 'इस्त्री' म्हणतो, कारण सुट्टी होईपर्यंत त्याच्या शर्टाची घडी मोडत नाही.

खोटं कशाला बोलू, त्याला बघून माझा नुसता जळफळाट होतो. माझ्यानंतर सहा वर्षांनी आला, काम मी शिकवलं, आणि पाहुणे आले की फोटो त्याचा! शाळेत मला शून्य मिळालं की बाबा छडी काढायचे. ह्याला त्याच शून्यासाठी टाळ्या!

मग मीही इरेला पेटलो. माल येईपर्यंत इंजिन बंद ठेवून केबिनमध्ये घामाघूम बसायचो. आकडा एकतीसवर आणला.

काल माझ्या क्रेनपुढेही शून्य आलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. क्रेन कायमची बंद केलीय, ताई.

घाबरू नकोस, नोकरी आहे. सोमवारपासून इस्त्रीच्या हाताखाली शिकायचंय. बाबांना मात्र कळू देऊ नकोस. माझे शून्याचे पेपर तू तुझ्या दप्तरात लपवायचीस, तसंच हे पत्रही लपव.

तुझाच,
धाकटा