घेवड्याच्या बियांबाबत खरे ते

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती आणि लोकांना शहाणपण शिकवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण असलेच तर माझे मलाच आहे. गुडघे आणि डावा कान सोडला तर शरीर धड आहे, आणि स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात नुसत्या वस्तू होत्या. ते रद्द समजावे.

एक. अडीच एकर जमीन, तीवरचे मातीच्या विटांचे चार खोल्यांचे घर, विहीर, शेळ्यांचा गोठा आणि मधमाश्यांच्या सहा पेट्या. या विटा मी, माझी पत्नी आणि माझा धाकटा भाऊ अशा तिघांनी मिळून पाडल्या. कागदोपत्री मात्र सगळे माझ्या एकट्याच्या नावावर आहे. विटा पाडताना कागदाचा विषय कुणी काढला नाही, आणि नंतर मी काढू दिला नाही. ~~यातली विहिरीकडची अर्धी जमीन धाकट्या भावाला द्यावी.~~ (सही) उरलेली जमीन आणि घर माझ्या मुलीला. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली, तिला द्यायचे ते राहूनच गेले.

दोन. मुलीबाबत थोडे अधिक लिहितो. आमच्या घरात ‘विकतचं’ ही शिवी होती. अन्न, कपडे, दिव्याचे तेल, झाडू, सगळे हातचे. साबण आम्ही राखेच्या पाण्यात चरबी शिजवून करायचो, आणि तो अंगाला विटकरीसारखा लागायचा. मुलगी नऊ वर्षांची असताना मैत्रिणीने तिला गुलाबी साबणाची एक वडी दिली. तिने ती वापरली नाही, उशीखाली ठेवून नुसता वास घेत होती. मी ती हुडकून काढली आणि तिला शाळेत नेऊन परत करायला लावली, वर्गासमोर. आज तिच्या न्हाणीघरात चार तऱ्हेचे साबण असतात, आणि मी राहायला गेलो की ती ते कपाटात लपवते. मला ते दिसते आणि मेल्याहून मेल्यासारखे होते. तिने हे घर विकावे, पाडावे, अंगणात साबणाचे दुकान काढावे. माझी कसलीही अट नाही.

तीन. कुदळी, विळे, कोयते, करवती आणि धार लावायचा दगड शेजारच्या लोहाराला द्यावा. असे हातच्यावर चालणारे घर पाहायला पाहुणे वह्या घेऊन यायचे, तेव्हा मी विळा उंच धरून सांगत असे की इथे सगळे आम्हीच घडवतो. विळा घडवणारा लोहार पुष्कळदा मागेच उभा असायचा. पाहुणे गेल्यावर तो विचारायचा, की आज मी कोण होतो, तुमचा हात की तुमचा पाय. विळे त्याचे त्याला परत जाऊ द्यावेत.

चार. माझ्या भाषणांची वही चुलीत घालावी. ती नीट पेटली नाही तर रॉकेल विकत आणावे.

पाच. हे कलम लिहिण्यासाठीच मी बसलो आहे, आणि मघापासून टाळतो आहे.

आमच्या आईने मरताना घेवड्याच्या बियांची बरणी धाकट्याच्या हातात दिली होती, माझ्या नाही. जांभळ्या फुलांचा, चपट्या शेंगांचा घेवडा. ती दर वर्षी थोडे बी पेरायची आणि चांगले बी निवडून पुन्हा बरणीत भरायची. तिच्यामागे भाऊ ते करू लागला. इथे येऊन आम्हाला तिसरे वर्ष होते. बटाटे खड्ड्यात नासले होते आणि धान्याला कीड लागली होती. भाऊ महिनाभर दुसऱ्या गावी विहीर बांधायच्या कामावर गेला होता, आणि त्यातले नऊ दिवस पत्नी मुलीला घेऊन माहेरी गेली होती. मी एकटा होतो आणि घरात भोपळा सोडून काही नव्हते. दुकान अर्ध्या तासाच्या वाटेवर होते. पण दुकानदाराने चारचौघांत म्हटले होते की हा तीन वर्षांत माझ्या दारात उभा राहील, आणि तिसरे वर्ष संपायला दोन महिने उरले होते.

चौथ्या दुपारी मी दार लावून घेतले आणि बरणीतले मूठभर बी शिजत घातले. मूठभरच, असे मनाशी म्हटले होते. सातव्या दिवशी बरणी रिकामी झाली. चव फार चांगली लागली, हेही नोंदवतो. आठव्या दिवशी मी लांबच्या, ओळख नसलेल्या बाजारात जाऊन तसाच दिसणारा घेवडा विकत आणला आणि बरणी भरून ठेवली. त्याच पायांनी जाऊन पीठ आणता आले असते. ते तेव्हा सुचले नाही, आणि सुचले असते तरी मी केले नसते.

पेरणी झाली, वेल चढले आणि फुले पांढरी आली. पाहुणे बसले होते, त्यांच्यासमोर मी भावाला विचारले की काय केलेस. तो म्हणाला, "दादा, घेवडा असा एका वर्षात दुसऱ्या जातीत मिसळत नाही." मी म्हणालो, "ज्याला आईचं बी सांभाळता येत नाही, त्यानं शेतीच्या गप्पा मारू नयेत." तो आठवड्याभरात सामान बांधून निघून गेला. पुढे मी तोच पांढऱ्या फुलांचा घेवडा पुड्यांत भरून पाहुण्यांना वाटला, वर ‘आईच्या परसातलं’ असे लिहून. किती घरांत तो वाढतो आहे, देव जाणे.

पत्नी शेवटपर्यंत विचारत राहिली, की तुमचं भांडण तुमच्यापाशी, पण भाऊजी मला का दोन ओळी टाकत नाहीत, मी त्यांचं काय केलं. मी म्हणायचो, त्याचा स्वभावच तसा. मला माझी लाज वाटते. याहून चांगले वाक्य मी शोधले, सापडले नाही.

सहा. हे मृत्युपत्र माझ्यामागे भावाला मोठ्याने वाचून दाखवावे.

पुरवणी, पाच दिवसांनंतर. वरील मजकूर मी लोहाराला साक्षीसाठी वाचून दाखवला. तो म्हणाला, "सही करतो. पण तुमचा भाऊ तुमच्याहून दोनच वर्षांनी लहान. तो आधी गेला तर हे कुणाला वाचून दाखवायचं?" दुसऱ्या दिवशी मी बसने भावाकडे गेलो. तो एका रोपवाटिकेत काम करतो. पिशव्यांत माती भरत होता. मी कलम पाच उभ्याने वाचले. त्याने मला खाली बसायला सांगितले नाही.

हातातली पिशवी भरून बाजूला ठेवत तो म्हणाला, "बी बदललंय एवढं मला तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, वहिनीनं चुकून शिजवलं आणि तू तिला पाठीशी घालतोयस. म्हणून मी गप्प बसून ते माझ्या अंगावर घेतलं. नंतर वाटायला लागलं, तिनं मला एका शब्दानं तरी सांगायचं होतं. त्याचाच राग धरून बसलो, दादा. तुझा नाही, तिचा."

बी मी खाल्ले आणि त्याच्या डोक्यात इतकी वर्षे चोर ती होती. मी माफी मागायला तोंड उघडले, तर त्याने हात वर केला आणि कागद मागितला. पुढील कलम त्याने सांगितले तसे लिहिले आहे.

सात. घेवड्याचे बी माझ्या पत्नीने शिजवले नाही. तिला त्याची गंधवार्ताही नव्हती. ते मी शिजवले आणि मीच खाल्ले.

याला साक्षीदार म्हणून सही मीच करणार, असे तो म्हणाला. मी सांगितले, की ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकिलाचे म्हणणे आहे; लोहाराला त्याचीच अवजारे परत जातात, ते वेगळे. तो म्हणाला, "मग माझी जमीन खोड." मी ऐकेना, तेव्हा कलम एकमधली ती ओळ त्यानेच खोडली आणि माझ्याकडून शेजारी सही घेतली. त्यामुळे सगळी जमीन मुलीकडे जाईल. नंतर तो माझ्याबरोबर इथे आला, आणि लोहाराला बोलावून आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

स्थळ : राहत्या घरी, स्वयंपाकाची खोली
दिनांक : ११ नोव्हेंबर २०१९

लिहून देणार : (सही)

साक्षीदार
१. (सही) लोहार. लिहून देणाराशी नाते : शेजारी.
२. (सही) रोपवाटिकेतील कामगार. ~~लिहून देणाराशी~~ कलम सातमधील बाईंशी नाते : धाकटा दीर.