आबांचे तळवे

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई

ती. अण्णांना वासंतीचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? आईचं लोणचं पोचलं.

शनिवारी केयाला घेऊन मरीनातल्या थिएटरात दोन फ्रेंच सिनेमे पाहिले. पहिल्यात जर्मनांच्या ताब्यातलं अख्खं गाव शूर. दुसऱ्यात तसंच गाव, पण शेजारीच शेजाऱ्यांना पकडून देतात, आणि जर्मन गेल्यावर झेंडा घेऊन तेच पुढे. केया म्हणाली, "एव्हरीबडी कान्ट बी अ हीरो, मम्मा."

मला एकदम तिचे पणजोबा, आपले आबा आठवले. बेचाळीसच्या चळवळीत पोलिसांनी त्यांचे तळवे फोडले, असं तुम्ही सांगता. पण आपल्या साताऱ्याकडे तळवे फोडायचे ते भूमिगत लोक, आणि तेही फितुरांचे. शिवाय आबा पंधरा ऑगस्टला झेंड्याला कधीच गेले नाहीत. पाय दुखतात म्हणायचे. जत्रेला मात्र अख्खा डोंगर चढायचे.

यंदा इथल्या मंडळात झेंडावंदनाला केया त्यांच्यावर बोलणार आहे. फोनवर आई ऐकते, म्हणून लिहून विचारते. अण्णा, तळवे नक्की कोणी फोडले?

तुमचं उत्तर आलं नाही, तर मी तिला दुसरा विषय देईन.

काळजी घ्या.

तुमची,
वासू