पड म्हणून नोंदलेलं मैदान

कडेगाव, १४ डिसेंबर २०२५

आधी माफी. वकिलांनी कच्चा मसुदा मागितला त्याला पावसाळा उलटून गेला. मधल्या काळात मी त्यांचे फोन घेतले नाहीत आणि रोजनिशीही उघडली नाही. सत्काराला जायला मात्र वेळ मिळत होता.

मी, क्रांती आप्पासाहेब घार्गे, वय ४६, बी.ए., भारताच्या महिला फुटबॉल संघाची माजी खेळाडू, हे मृत्युपत्र याच रोजनिशीत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डावा गुडघा माझं ऐकत नाही, पण मृत्युपत्राला गुडघा लागत नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. निमित्त मात्र एका माणसाने दिलं. आमच्या भागातले पुढारी नानासो गेल्या महिन्यात मला हार घालताना म्हणाले, "ताईसाहेब, तुमच्या माघारी, पोरी खेळत्यात त्या रानात तुमच्या नावाचं स्टेडियम करू. कंपाउंड, गेट, पुतळा, समदं." माझ्या माघारचं इतकं ठरलेलं ऐकून, आपणही काही ठरवावं असं वाटलं.

कलम पहिले. सांगलीचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझ्या आईला, रंगूबाईंना. त्यांच्यानंतर फ्लॅट विकावा आणि सगळं कलम चारमधल्या जागेसाठी वापरावं.

कलम दुसरे. सत्कारात मिळालेल्या शाली. दोन पेट्या भरल्या आहेत, पण थंडीत पांघरावी अशी त्यात एकही नाही. एकमेकींना शिवून राखीव खेळाडूंच्या बाकड्यावर उन्हासाठी ताणाव्यात. नारळ वेळच्या वेळी खाल्ले आहेत.

कलम तिसरे. चांदीचा मुलामा दिलेली गदा. ही मला म्हसवडच्या कार्यक्रमात मिळाली. निवेदकाने "आपल्या लाडक्या कबड्डीपटू" म्हणून माझं नाव पुकारलं. मी हळूच म्हटलं, "फुटबॉल." त्याने माइकवर हात ठेवला. "व्हय की ताई, पर बॅनरवर कबड्डी छापलंय. आज तेवढं चालवून घ्या." मी चालवून घेतलं. त्या दिवशी फोटोत गदा नानासोंनीच उचलून धरली होती, म्हणून ती त्यांना द्यावी. मनात राग आहे का, हे तपासलं. आहे. तरीही द्यावी.

माझा फोटो कोणत्याही फ्लेक्सवर लावू नये, श्रद्धांजलीच्या तर मुळीच नाही. त्यात माझा चेहरा सुपारीएवढा असतो आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे ताटाएवढे.

कलम चौथे, ज्यासाठी बाकी सगळं लिहिलं. वडिलांनी हयातीत केलेल्या वाटपातून माझ्या एकटीच्या नावावर आलेली कडेगावची ~~पड~~ मैदानाची जमीन (खाडाखोडीचं कारण खाली दिलं आहे) मी दीक्षा मिलिंद होवाळ हिला देत आहे. तिथे मुलींनी फुटबॉल खेळावा. जागेला माझं नाव देऊ नये. नाव दिलं की गेट येतं, गेटला कुलूप येतं, आणि ते माझ्या जयंतीलाच उघडतं.

दीक्षा आमच्या संघाची गोलकीपर होती. आज शाळेत शिकवते. मी हार घालून घेत हिंडत असते तेव्हा रोज सकाळी मुलींना पळवणारी तीच. तरी गावात सगळे "क्रांतीताईंचं मैदान" म्हणतात आणि मीही कोणाला दुरुस्त केलेलं नाही. जमीन तिला देते यात मोठेपणाची हौस आहे का, असं स्वतःला विचारलं. थोडी असेल. पण हौस काढून टाकली तरी उत्तर दीक्षाच येतं.

धाकटा भाऊ ऋषिराज याचं म्हणणं इथे प्रामाणिकपणे नोंदवते. या जमिनीला पाणी आहे, आणि चहूबाजूंनी ऊस आहे. "आक्का, पाण्याखालचं रान मोकळं ठेवलंय, लोक मला हसत्यात. ऊस लावू दे की."

"मग मुली कुठं खेळतील?"

"उसाच्या कडंकडंनं."

पीक पाहणीला दर हंगामात मोबाइल घेऊन तोच जातो. सरकारी ॲपमधल्या पिकांच्या यादीत मैदान नाही, म्हणून तो मैदानाचा फोटो काढतो आणि 'पड', म्हणजे पीक नसलेलं रान, अशी नोंद करतो. घरात जमिनीचा विषय काढला की तो एवढंच म्हणतो, "घराबाहेर जाता कामा नये."

दीक्षाला विचारलं तर ती माझ्यावरच उखडली. "तुझ्या माघारी तुझ्या भावकीशी मी भांडत बसू व्हय गं? ऋषिराजची सही असंल तरच घेईन. न्हाईतर लाव तुझा ऊस!"

म्हणून साक्षीला मी ऋषिराजलाच बोलावलं. दुसऱ्या साक्षीदार, माझ्या गुडघ्याच्या डॉक्टर, आधीच येऊन बसल्या होत्या. ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. त्यामुळे या मृत्युपत्रात त्याला काहीही नाही, हे मी त्याला दारातच सांगितलं.

त्याने उभ्यानेच सगळं वाचलं. कलम चारवर बोट ठेवलं.

"आक्का, ह्यात चूक हाय."

मी भांडायची तयारी ठेवली होती. "कसली?"

"पड का लिवलंस?"

"सातबाऱ्यावर तेच आहे. तूच नोंदवतोस."

"ते सरकारला. हितं मैदान लिव." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पड रान कुनीबी नांगरंल. उद्या मीच नांगरीन."

मी 'पड' खोडून 'मैदानाची' लिहिलं. खाडाखोडीशेजारी आम्ही तिघांनी सह्या केल्या. मग मुख्य सहीला पेन टेकवता टेकवता तो म्हणाला, "आन् गदा? ती पन न्हाई मला?"

"साक्षीदाराला काही मिळत नाही."

"लय पक्की हाईस," म्हणत त्याने सही केली.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. तो मला मान्य आहे.

लिहून देणार : क्रांती आप्पासाहेब घार्गे (सही)

आम्हा दोघांसमोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही.
साक्षीदार १ : ऋषिराज आप्पासाहेब घार्गे, भाऊ, शेती (सही)
साक्षीदार २ : डॉ. रेश्मा मुल्ला, सांगली (सही)

ठिकाण : कडेगाव, मैदानाशेजारचं घर

उद्या : चुन्याच्या फक्कीची गोणी आणणे. मैदानाच्या रेषा पुसट झाल्या आहेत.